बायबल दोघांचंही, मग गर्भपात, आयव्हीएफ आणि व्हेंटिलेटरबाबत ज्यू आणि ख्रिश्चन वेगळं का बोलतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात. नोट्समध्ये ‘यहुदी-ख्रिस्ती नीतिविचार’ असा एकच परिच्छेद आहे आणि गर्भपात, आयव्हीएफ, दयामरण या सगळ्याला दोन्ही धर्मांचा विरोध आहे असं त्यात लिहिलंय. हे खरं का, दोघांत जास्त कडक कोण, आणि प्रकल्पासाठी कुठलं उदाहरण घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

तो परिच्छेद चुकीचा आहे. ‘कडक कोण’ याचं उत्तर तुम्ही आयुष्याच्या कुठल्या टोकाला उभं राहून विचारता त्यावर ठरतं. गर्भाशी कॅथलिक चर्च जास्त कडक, मरणाशी ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे, ज्यू जास्त कडक. म्हणजे प्रयोगशाळेतल्या भ्रूणाला हात लावू नका म्हणणारं चर्च व्हेंटिलेटर काढायला बऱ्याचदा हरकत घेत नाही. आणि आयव्हीएफला, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या तंत्राला, मोकळ्या मनाने हो म्हणणारे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, चालू व्हेंटिलेटर बंद करू देत नाहीत. मी स्वतः ना ज्यू ना ख्रिश्चन. मुंबईत अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे आणि आमच्या रुग्णालयाच्या नीतिसमितीवर बसते, त्यामुळे हा विषय मला वाचावा लागला, आणि मग त्याने मला धरूनच ठेवलं.

गर्भापासून सुरुवात करते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात एक प्रसंग आहे. दोन पुरुष मारामारी करताहेत, मध्ये गरोदर बाई सापडते आणि तिचा गर्भ पडतो. बाकी इजा झाली नाही तर मारणाऱ्याने दंड भरायचा. बाईच दगावली तर मात्र जिवाबद्दल जीव. रब्बींनी यातून अर्थ काढला की गर्भ मोलाचा आहे, पण आईच्या बरोबरीचा ‘जीव’ तो अजून झालेला नाही. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात पुढचं पाऊल आहे, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. बाळंतपण अडलं आणि बाईच्या जिवावर बेतलं, तर गर्भ पोटातच कापून एकेक अवयव बाहेर काढावा, कारण तिचा जीव आधी. पण बाळाचा मोठा भाग बाहेर आला असेल तर त्याला हात लावायचा नाही, कारण एका जिवासाठी दुसरा जीव बाजूला सारता येत नाही. सिझेरियन करून आई वाचण्याची शक्यता नव्हती तेव्हाचा हा नियम आहे, हे ध्यानात ठेवा. आणि यात नुसती परवानगी नाही. आईला वाचवणं हे कर्तव्य म्हणून सांगितलंय. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद, त्यात तर पहिल्या ४० दिवसांच्या गर्भाला ‘निव्वळ पाणी’ म्हटलंय.

याचा अर्थ ज्यू धर्मात गर्भपात मोकळा आहे, असा कृपा करून काढू नका. बाराव्या शतकात मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडिताने वेगळी मांडणी केली: अडलेला गर्भ हा आईच्या मागे लागलेल्या हल्लेखोरासारखा आहे, म्हणून तिला वाचवायला त्याला मारता येतं. हे कारण धरलं की उलट बाजूही उभी राहते. गर्भ जर आईच्या जिवावर उठलेला नसेल, तर त्याला हात लावायचं कारण काय? गेल्या शतकात हाच वाद दोन मोठ्या रब्बींमध्ये टे-सॅक्स रोगावरून पेटला. टे-सॅक्स म्हणजे हेक्सोसॅमिनिडेज-ए हे विकर तयार न होणं. मूल जन्मतः छान दिसतं. काही महिन्यांनी मान धरेनासं होतं, मग नजर जाते, झटके येतात, आणि बहुतेक मुलं चार-पाच वर्षांच्या आतच जातात. औषध नाही. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये साधारण ३० जणांमागे एक जण या दोषाचा वाहक असतो. जेरुसलेमच्या शारे झेडेक रुग्णालयाला धर्मनिर्णय देणारे रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी अशा गर्भाचा गर्भपात सातव्या महिन्यापर्यंत चालेल असं सांगितलं. आईचं दुःख हेही त्यांनी कारण म्हणून मोजलं. न्यूयॉर्कच्या रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी सडकून विरोध केला. त्यांच्या मते ही हत्याच. दोघेही ऑर्थोडॉक्स, दोघांचे ग्रंथ तेच. आजही कुठल्या घरात काय होईल हे ते घर कुठल्या रब्बीला विचारतं यावर ठरतं.

मला या सगळ्यात सर्वांत भावलेलं काम रब्बी योसेफ एक्स्टाइन यांचं. त्यांची चार मुलं टे-सॅक्सने गेली. १९८३ मध्ये त्यांनी ‘दोर येशोरीम’ ही संस्था काढली. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचं रक्त तपासतात, निकाल कुणालाच सांगत नाहीत, फक्त एक क्रमांक देतात. स्थळ ठरायच्या आधी दोन्हीकडचे लोक दोन क्रमांक संस्थेला कळवतात. उत्तर येतं: जुळतं, किंवा, दोघेही वाहक असतील तर, जुळत नाही. एकटा वाहक असलेल्याला आपण वाहक आहोत हे कळतही नाही, म्हणून त्याच्यावर शिक्का बसत नाही, बहिणीचं लग्न अडत नाही. गर्भपाताचा वाद सोडवायचा नाही, तो प्रसंगच येऊ द्यायचा नाही, अशी ही वाट. आपल्याकडे पत्रिका बघतात तशीच ही गाठ लग्नाआधी तपासायची, फक्त ग्रहांच्या जागी जनुकं. थॅलेसेमियाची तपासणी लग्नाआधी करा म्हणून आपले डॉक्टर घसा कोरडा करतात आणि लोक ‘मुलीचं नाव खराब होईल’ म्हणून टाळतात. एक्स्टाइन यांनी नेमकी तीच भीती काढून टाकली.

आता कॅथलिक बाजू. इथे चर्चची भूमिका ठाम आहे: गर्भधारणेच्या क्षणापासून त्या भ्रूणाला माणूस म्हणूनच वागवायचं. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती शिकवणुकीपासून गर्भपात निषिद्धच होता. गर्भात आत्मा नेमका कधी येतो यावर मात्र चर्चमध्ये शतकानुशतकं मतं होती. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास हा कॅथलिक धर्मपंडित ॲरिस्टॉटलच्या मागे जाऊन मुलग्याच्या गर्भासाठी ४० दिवस धरतो. म्हणजे तालमूदचे ४० आणि अक्विनासचे ४०, योगायोग असेल, पण आकडा तोच. फरक निष्कर्षात पडला. आत्मा आलेला नसला तरी गर्भपात हे गंभीर पापच, असं चर्चने धरलं, आणि १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी शिक्षेच्या बाबतीत ‘आत्मा आलेला’ आणि ‘न आलेला’ गर्भ हा भेदही काढून टाकला.

मग आईचा जीव धोक्यात असेल तर? इथे कॅथलिक विचार कृत्याचं स्वरूप आणि हेतू पाहतो. गर्भनलिकेत गर्भ राहिला, नळी फुटायला आली, तर नळीचा तो भाग काढता येतो. उपचार आजारी अवयवावर आहे. गर्भाचा मृत्यू दिसत असतो, पण तो हेतू नाही. हेच काम मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनने केलं तर चालेल का, यावर कॅथलिक नीतितज्ज्ञांमध्ये आजही वाद आहे, कारण औषध थेट गर्भाच्या पेशींवर जातं. प्रसूतिकक्षात तुमची पोस्टिंग झाली असेल तर हा फरक वैद्यकीयदृष्ट्या किती विचित्र वाटतो हे तुम्हाला कळेल. मलाही तो पटत नाही. मिश्नातल्या ‘तिचा जीव आधी’ या एका वाक्यापाशी मी जास्त निश्चिंत होते. पण चर्चला कशाची भीती वाटते ते मला समजतं: निरपराध माणसाला मारणं हेच एखाद्या उपचाराचं साधन झालं, तर ती सवय पुढे कुठे थांबवायची?

आयव्हीएफमध्ये दोन्ही बाजूंमधलं अंतर सर्वांत मोठं आहे. २५ जुलै १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी ‘ह्युमाने व्हिते’ या धर्मपत्रावर सही केली; पती-पत्नीचं मीलन आणि संतती यांना एकमेकांपासून तोडायचं नाही, हा त्याचा गाभा. बरोबर १० वर्षांनी, २५ जुलै १९७८ रोजी, इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. तेव्हा व्हेनिसचे धर्मप्रमुख असलेले आणि महिन्याभरातच पोप झालेले अल्बिनो लुचियानी यांनी बाळाचं स्वागत केलं, आईवडिलांना दोष द्यायचं नाकारलं. तंत्राबद्दलची चिंता तेवढी बोलून दाखवली. पण १९८७ च्या ‘दोनुम व्हिते’ या व्हॅटिकनच्या निवेदनाने दार लावलं. नवऱ्याचंच वीर्य, बायकोचंच बीज, तरीही नाही. बाळ प्रयोगशाळेत ‘तयार’ होतं हा एक आक्षेप, आणि उरलेली भ्रूणं गोठवतात किंवा टाकतात हा दुसरा. २००८ मध्ये व्हॅटिकनने गोठवलेल्या भ्रूणांबद्दल पुन्हा लिहिलं तेव्हा कबूलच केलं की या अन्यायाला निर्दोष असा मार्ग सापडत नाही.

इस्रायलमध्ये याच्या नेमकं उलट चित्र. ४५ वर्षांपर्यंतच्या बाईला दोन मुलं होईपर्यंत आयव्हीएफचा खर्च सरकार उचलतं. सरोगसीचा कायदा त्यांनी १९९६ मध्येच केला. ‘फळा आणि वाढा’ ही देवाची पहिली आज्ञा, आणि मूल नसण्याचं दुःख तर सारा, रिबेका, राहेल या मूळ आयांचंच. आणि गर्भाशयाबाहेरच्या भ्रूणाला गर्भाचा दर्जा नाही, असं बहुतेक रब्बी मानतात. त्यामुळे भ्रूणाची जनुकीय तपासणी करून रोगमुक्त भ्रूण रोपण करणं त्यांना गर्भपातापेक्षा कितीतरी बरं वाटतं. २००१ मध्ये अमेरिकेत भ्रूणाच्या मूळपेशींवर संशोधन करू द्यायचं की नाही यावर रान उठलं होतं, तेव्हा कॅथलिक बिशप विरोधात होते आणि ऑर्थोडॉक्स ज्यूंच्या प्रमुख संघटनेने राष्ट्राध्यक्षांना पाठिंब्याचं पत्र लिहिलं.

ज्यूंना आयव्हीएफमध्ये काळजी वाटते ती वेगळीच: बाप कोण, आई कोण, वंश कुठला? म्हणून जेरुसलेमच्या पुआ संस्थेच्या देखरेख करणाऱ्या बायका प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बसतात. कुठल्या नळीत कुणाचं वीर्य, कुठल्या डिशमध्ये कुणाचं बीज, हे नावानिशी जुळवून बघतात, आणि इनक्युबेटरला सील लावतात. भ्रूणशास्त्रज्ञ समोर असला तरी सील त्यांच्यासमोरच उघडायचं.

मरणाकडे वळलं की दोघांच्या जागा बदलतात. मरणासन्न माणूस म्हणजे विझू घातलेला दिवा, बोट लावलं तरी विझेल, म्हणून त्याला हलवायचंही नाही, असं तालमूद आणि त्यानंतरचे ग्रंथ सांगतात. आयुष्याचा एक क्षणही पूर्ण आयुष्याइतका मोलाचा. पण त्याच ग्रंथांत दुसरी एक कथा आहे. मिश्नाचं संकलन करणारा रब्बी यहुदा मृत्युशय्येवर आहे. शिष्य खाली न थांबता प्रार्थना करताहेत, त्या प्रार्थनेने त्याचा प्राण अडकून पडलाय. त्याची दासी आधी त्यांच्याच बाजूने प्रार्थना करते. मग ती बघते की पोटाच्या दुखण्याने त्याला पुन्हा पुन्हा शौचाला जावं लागतंय, दर वेळी प्रार्थनेचे पट्टे काढायचे, पुन्हा बांधायचे, आणि तो हालहाल होतोय. ती छपरावर जाते आणि एक घडा खाली फेकते. आवाजाने शिष्य क्षणभर गप्प होतात, आणि रब्बी जातो. तालमूद तिला दोष देत नाही. सोळाव्या शतकात पोलंडच्या मोशे इसर्लीस यांनी नियम लिहिला: बाहेर लाकूड फोडण्याच्या आवाजाने प्राण अडला असेल तर तो आवाज थांबवावा, ती हत्या नाही, अडथळा दूर करणं आहे.

तर मग व्हेंटिलेटर हा दिवा आहे की लाकूडतोड्याचा आवाज? इस्रायलने यासाठी अब्राहम स्टाइनबर्ग या डॉक्टर-रब्बींच्या अध्यक्षतेखाली ५९ जणांची समिती बसवली आणि २००५ मध्ये मरणासन्न रुग्णांचा कायदा केला. सलग चालू असलेला उपचार बंद करायचा नाही. पण टप्प्याटप्प्याने दिला जाणारा उपचार, म्हणजे डायलिसिस किंवा केमोथेरपी, पुढच्या फेरीला सुरू न करणं चालतं. व्हेंटिलेटर सलग चालतो, म्हणून त्याला टायमर लावायची तरतूद केली. टायमर संपला की उपचाराचा एक टप्पा संपला, आणि पुढचा सुरू करायचा की नाही ते तेव्हा ठरवायचं. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी दिवे आपोआप लागावेत-विझावेत म्हणून ज्यू घरांत टायमर असतातच. बाहेरच्यांना ही पळवाट वाटते. मला ती फार प्रामाणिक वाटते. हाताने जीव संपवायचा नाही आणि रुग्णाला यंत्राला बांधूनही ठेवायचं नाही, या दोन्ही गोष्टी मनापासून मानणाऱ्या माणसांनी शोधलेली ती वाट आहे.

कॅथलिक चर्चने हा प्रश्न फार आधी सोडवला. नोव्हेंबर १९५७ मध्ये ऑस्ट्रियाच्या ब्रूनो हाइड या भूलतज्ज्ञाने पोप बारावे पायस यांना विचारलं होतं की आशा नसलेल्या रुग्णाचं श्वसनयंत्र काढता येईल का. पोपचं उत्तर होतं की माणूस साधारण उपायांना बांधील आहे, असाधारण उपायांना नाही. आणि मृत्यूचा क्षण ठरवणं हे डॉक्टरांचं काम. सुई टोचून मारणं मात्र कधीच नाही, त्यात ज्यू आणि कॅथलिक एकाच बाजूला. नळीने दिलेलं अन्नपाणी बंद करण्यावर मात्र २००४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी लगाम घातला: ते उपचार नव्हे, सेवा आहे, तत्त्वतः चालूच ठेवावं. पुढच्याच वर्षी ते स्वतः शेवटच्या दिवसांत रुग्णालयात परत गेले नाहीत, व्हॅटिकनमधल्या आपल्या खोलीतच वारले.

आमच्या वॉर्डात याचा मला थेट अनुभव आला. वसईकडची एक वयस्क बाई, फुप्फुसं पूर्ण गेलेली, मूत्रपिंडंही बंद. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, आम्ही कॅथलिक. आमच्यात मशीन काढत नाहीत, पाप लागतं.” बहीण भिंतीला टेकून रडत होती. मी वाद घातला नाही, त्यांच्या फादरना बोलवा म्हटलं. फादर संध्याकाळी आले, आईच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली, आणि बाहेर येऊन मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळा, देव बोलावतोय तिला अडवून धरायला चर्चने तुला कधीच सांगितलेलं नाही.” मुलगा खाली बसला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीनुसार दोन्ही वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया पुढे झाली. धर्म कळत नसताना धर्माच्या नावाने माणसं स्वतःला किती छळतात, हे मी तिथे पाहिलं, म्हणूनच तुमच्या नोट्समधला तो परिच्छेद मला खटकतो. उद्या तुम्हीच त्या भिंतीशी उभ्या असलेल्या बहिणीला उत्तर देणार आहात.

प्रोटेस्टंटांबद्दल थोडंच सांगते, कारण त्यांचा पोप नाही आणि एक मतही नाही. अँग्लिकन बिशपांनी १९३० मध्ये लॅम्बेथ परिषदेत काही परिस्थितींत संततिनियमनाला मान्यता दिली. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी १९७१ मध्ये बलात्कार, गर्भातला गंभीर दोष, आईचं आरोग्य अशा कारणांसाठी गर्भपाताला वाव देणारा ठराव केला होता, आणि १९८० पर्यंत पूर्ण बाजू बदलली. ‘ख्रिश्चनांचं मत’ असं सरसकट लिहिणाऱ्याला एवढं पुरावं. ज्यूंमध्येही रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह पंथ ऑर्थोडॉक्सांपेक्षा बरेच मोकळे आहेत. मी वर लिहिलेलं ऑर्थोडॉक्सांना धरून आहे.

प्रकल्पासाठी एकच जागा निवडायची तर अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य घ्या. १९७५ मध्ये तिथली २१ वर्षांची कॅरन क्विनलन बेशुद्ध झाली ती शुद्धीवर आलीच नाही. घरचे कॅथलिक. वडिलांनी धर्मगुरूंना विचारलं, पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये त्या भूलतज्ज्ञाला उत्तर दिलेल्या भाषणाचा आधार मिळाला, स्थानिक बिशपने कोर्टात त्यांची बाजू घेतली, आणि १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हेंटिलेटर काढायची परवानगी दिली. ती स्वतः श्वास घेत राहिली. आईवडिलांनी नळीचं अन्न बंद केलं नाही, आणि ती १९८५ मध्ये वारली.

याच राज्याने १९९१ मध्ये मृत्यूची व्याख्या करणारा कायदा केला. तिथे मुद्दा आला ऑर्थोडॉक्स ज्यूंचा. शब्बाथला ढिगाऱ्याखाली माणूस सापडला तर तो जिवंत आहे का हे कुठवर उकरून बघायचं, यावर तालमूदच्या योमा या भागात चर्चा आहे. एक मत नाकापर्यंत, म्हणजे श्वास. दुसरं मत हृदयापर्यंत. श्वास धरणारे रब्बी मेंदूचं मूळ मेलं की माणूस मेला असं मानतात. इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने १९८६ मध्ये हृदयरोपणासाठी तसंच ठरवलं. हृदय धरणारे ते मानत नाहीत, त्यांच्या लेखी ब्रेन डेड रुग्णाचं हृदय काढणं ही हत्या. अशा लोकांसाठी न्यू जर्सीने सूट ठेवली: धर्मविरुद्ध असेल तर मेंदूमृत्यूवरून माणसाला मृत घोषित करायचं नाही.

मग डिसेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात १३ वर्षांची एक मुलगी घशाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रेन डेड ठरली. घरच्यांनी मान्य केलं नाही, आणि ती न्यू जर्सीला हलवली गेली, त्याच सुटीच्या आधारावर. ते कुटुंब ज्यू नव्हतं, ख्रिश्चन होतं. पोपनी २००० मध्ये मेंदूमृत्यू मान्य केला होता, पण ते कॅथलिकही नव्हते. २०१८ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या नावे दोन राज्यांचे दोन मृत्यू दाखले झाले, साडेचार वर्षांच्या अंतराने. प्रकल्पात क्विनलन आणि ही मुलगी शेजारी शेजारी ठेवा, एकीकडे १९५७ चं भाषण, दुसरीकडे योमामधला ढिगारा. आणि मार्गदर्शक बाईंनी ‘धर्म एकच ना?’ असं विचारलं तर त्यांना मिश्ना आणि ‘दोनुम व्हिते’ दोन्हींमधला गर्भावरचा भाग वाचायला द्या. अडलं तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.